एका डोळ्याचा वैमानिक

१९२६ सालाची अखेर. अमेरिकेतील टेक्सास राज्यात २८ वर्षांचा एक तरुण रोज माळावर फिरायला जात असे. मध्येच तो थांबे, दूरच्या एखाद्या झाडाकडे किंवा टेकडीकडे बघे आणि ती किती लांब असेल याचा मनाशी आकडा ठरवी. मग पावले मोजत तिथपर्यंत जाई आणि आपला अंदाज किती चुकला ते पाही. पुन्हा दुसरे झाड, पुन्हा नवा आकडा. काही आठवड्यांपूर्वीच त्याचा डावा डोळा काढून टाकावा लागला होता आणि त्याला विमान चालवून पोट भरायचे होते.

त्याचे नाव वायली पोस्ट. पुढच्या सात वर्षांत याच माणसाने विमानातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तोवर हे कोणालाही जमले नव्हते. अपंगत्वावर जिद्दीने मात करणारा वीर म्हणून त्याची गोष्ट बऱ्याचदा सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. पोस्टकडे जिद्द होतीच. त्याहून मोलाची होती ती आपल्या शरीराची उणीव मोजण्याची सवय. व्यावसायिक वैमानिकाचे शिक्षण आजही याच सवयीवर उभे आहे.

पोस्टचा जन्म २२ नोव्हेंबर १८९८ रोजी टेक्सासमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. आईवडील कापूस पिकवत. पुढे हे बिऱ्हाड ओक्लाहोमात गेले. मुलाचे लक्ष शाळेत नव्हते, यंत्रांत मात्र होते. १९१३ मध्ये लॉटन गावच्या जत्रेत त्याने पहिल्यांदा विमान पाहिले आणि ते त्याच्या डोक्यात बसले. कॅन्सस शहरात जाऊन तो मोटारयंत्रांचे काम शिकला. पहिल्या महायुद्धात सैनिकी प्रशिक्षणवर्गात रेडिओचे तंत्र शिकला, पण विमानापर्यंत पोहोचण्याआधीच युद्ध संपले. मग तेलविहिरींवर मजुरी सुरू झाली.

या आयुष्यात एक काळे पानही आहे. १९२१ मध्ये वाटमारीच्या गुन्ह्यात त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्याचे मन पार खचले. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या मनःस्थितीची नोंद केली आणि १९२२ मध्ये त्याची अटींवर सुटका झाली. दोन वर्षांनी हाच माणूस विमानाचे खेळ करणाऱ्या एका फिरत्या मंडळीत पॅराशूट घेऊन उड्या मारू लागला. तिथेच विमान चालवण्याचे जुजबी धडेही त्याने घेतले. त्या काळी परवाना, परीक्षा, वैद्यकीय तपासणी यांपैकी काहीच सक्तीचे नव्हते. विमान मिळाले आणि ते उडवता आले, की माणूस वैमानिक झाला.

स्वतःचे विमान घेण्यासाठी पैसे हवेत म्हणून पोस्ट पुन्हा तेलविहिरीवर गेला. १ ऑक्टोबर १९२६ रोजी सेमिनोल गावाजवळ काम चालू असताना एका सहकाऱ्याने लोखंडी बोल्टवर घण घातला. बोल्टची कपची उडाली आणि पोस्टच्या डाव्या डोळ्यात घुसली. जखमेत जंतुसंसर्ग झाला. प्रतिजैविके तेव्हा अस्तित्वात नव्हती. पेनिसिलिनचा शोधच पुढे १९२८ मध्ये लागला. उजव्या डोळ्यालाही धोका दिसू लागल्यावर डॉक्टरांनी डावा डोळा काढला. अपघाताची भरपाई म्हणून सुमारे १,८०० डॉलर मिळाले. त्यातून त्याने एक जुने, मोडके 'कॅनक' विमान विकत घेतले आणि दुरुस्त केले. ज्या अपघाताने डोळा नेला, त्यानेच विमान दिले.

मात्र ते चालवायचे कसे? इथे डोळ्यांचे थोडे विज्ञान समजून घेऊ. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचे दृश्य किंचित वेगळे दिसते आणि त्या फरकावरून मेंदू वस्तूचे अंतर ताडतो. सुईत दोरा ओवताना, कपात चहा ओतताना ही सोय फार उपयोगी पडते. पण वस्तू जितकी दूर, तितका दोन दृश्यांतला फरक कमी. शेकडो मीटर अंतरावरच्या वस्तूबाबत तो जवळजवळ नाहीसा होतो.

लांबचे अंतर ओळखण्यासाठी मेंदू इतर खुणा वापरतो आणि त्या एका डोळ्यालाही दिसतात. ओळखीची वस्तू किती लहान दिसते, कोणती वस्तू कोणाला झाकते, रस्त्याच्या दोन कडा दूरवर कशा जवळ येतात, जमिनीवरचे गवत कुठपर्यंत वेगळे दिसते आणि कुठून नुसता हिरवा पट्टा होतो, या त्या खुणा. सर्वांत महत्त्वाची खूण चालण्यातून मिळते. एसटीच्या खिडकीतून जवळचे खांब भर्रकन मागे पळताना दिसतात आणि दूरचा डोंगर आपल्याबरोबर चालल्यासारखा वाटतो, ते आठवा. विमान उतरवताना वैमानिक मुख्यतः याच खुणांवर विसंबतो. जवळ येणाऱ्या धावपट्टीचा आकार कसा बदलतो, हे त्याला वाचता यावे लागते.

माळावर पावले मोजणारा पोस्ट नेमका या खुणांचा सराव करत होता. अंदाज बांधायचा, मोजायचे, चूक सुधारायची. गेलेला डोळा परत येणार नव्हता. पण उरलेल्या डोळ्याकडून येणारी माहिती नव्याने वाचायला मेंदूला शिकवता येत होते. डोळ्याची शक्ती वेगळी आणि बघण्याचे कौशल्य वेगळे. पहिली काही अंशी दैवाधीन असते. दुसरे सरावाने येते.

दरम्यान देशात कायदा बदलला होता. मे १९२६ मध्ये अमेरिकेत हवाई वाहतुकीचा कायदा झाला आणि त्या वर्षअखेरीस वैमानिकांना परवाना सक्तीचा झाला. लेखी परीक्षा, प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी अशा तिन्ही पायऱ्या आल्या. वैद्यकीय नियम ठरवण्याचे काम डॉ. लुई बाउअर यांच्याकडे होते. विमानवैद्यकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. वैमानिक आजारी नसला म्हणजे पुरे, असे या शास्त्राला वाटत नव्हते. हवेत असताना त्याचे डोळे, कान, हृदय आणि मन ऐनवेळी दगा देणार नाही ना, हा त्याचा प्रश्न होता.

एका डोळ्याचा पोस्ट या चाळणीत अडकणारच होता. मात्र नियमांत एक वाट ठेवलेली होती. उणीव असूनही काम सुरक्षितपणे होते, हे प्रत्यक्ष उड्डाणांतून सिद्ध करणाऱ्याला सूट देता येत असे. पोस्टला त्यासाठी सुमारे ७०० तासांची उड्डाणे पदरी बांधावी लागली. त्यानंतर सप्टेंबर १९२८ मध्ये त्याला वाहतूक वैमानिकाचा परवाना मिळाला. ही सूट दयेपोटी दिलेली नव्हती. दोन डोळ्यांच्या माणसापेक्षा कितीतरी कडक कसोटी लावून ती दिलेली होती. त्यानंतर पाचच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२९ मध्ये, मुंबईत जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. परवानाधारक वैमानिक ही जमातच तेव्हा नवी होती.

आता आजचे चित्र पाहू. आपल्याकडे गोंदिया, बारामती, धुळे येथील प्रशिक्षण केंद्रांत मुले-मुली व्यावसायिक वैमानिक होण्यासाठी येतात. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत, हवामानशास्त्र, दिशाज्ञान, हवाई नियम आणि विमानाचे तंत्र या विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि किमान २०० तासांचे उड्डाण करावे लागते. त्यांपैकी १०० तास विमानाची पूर्ण जबाबदारी शिकणाऱ्याकडे असते. सुमारे ५४० किलोमीटरची एक लांब सफर असते. त्या सफरीत वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरावे लागते. रात्रीची उड्डाणे असतात. बाहेर न बघता केवळ उपकरणांकडे बघून विमान चालवण्याचा सराव असतो. एवढे झाल्यावर मिळतो तो व्यावसायिक परवाना. मोठ्या प्रवासी विमानासाठी त्या-त्या जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण आणि कप्तानाच्या खुर्चीसाठी १,५०० तासांचा अनुभव लागतो.

वैद्यकीय तपासणीबद्दल घरोघरी गैरसमज आहेत. चष्मा असला की वैमानिक होता येत नाही, हा त्यांतला सर्वांत पसरलेला. आंतरराष्ट्रीय निकषानुसार प्रत्येक डोळ्याची दूरची नजर किमान ६/९ आणि दोन्ही डोळ्यांची मिळून ६/६ असावी लागते. ती चष्म्याने किंवा लेन्सने होत असली तरी चालते. रंग ओळखण्याची क्षमता मात्र कसून तपासतात, कारण दिव्यांचे लाल-हिरवे इशारे नीट ओळखता आले पाहिजेत. एकच डोळा असलेला माणूस या निकषात सहजी बसत नाही. तरीही काही देशांत, अमेरिकेत विशेषतः, नव्या दृष्टीची सवय होण्यासाठी काही महिने थांबल्यावर आणि प्रत्यक्ष उड्डाणात पारखून अशांना परवानगी मिळू शकते. पोस्टने तुडवलेली वाट अजून बंद झालेली नाही.

पोस्टकडे परत येऊ. तेलव्यवसायातील एफ. सी. हॉल याने त्याला आपला खासगी वैमानिक म्हणून नेमले होते. हॉलने घेतलेल्या लॉकहीड व्हेगा विमानाला त्याच्या मुलीचे नाव होते, 'विनी मे'. पोस्टने डोळ्याच्या खोबणीत आधी काचेचा डोळा बसवला होता. उंचावरच्या थंडीत तो गार पडून डोके दुखे, म्हणून पांढरी पट्टी बांधायला सुरुवात केली. याच 'विनी मे'तून २३ जून १९३१ रोजी तो आणि दिशादर्शक हॅरोल्ड गॅटी न्यूयॉर्कहून निघाले आणि ८ दिवस १५ तास ५१ मिनिटांत पृथ्वीला वळसा घालून परतले. आधीचा विक्रम ग्राफ झेपेलिन या वायुनौकेचा, २१ दिवसांचा होता.

इथे त्याची दुसरी मोजणी दिसते, ती झोपेची. पूर्वेकडे वेगाने जाताना रोज सूर्य लवकर उगवतो, दिवस आखूड होतात आणि शरीराचे घड्याळ मागे राहते. या त्रासाला आज आपण जेट लॅग म्हणतो. तेव्हा त्याला नावही नव्हते, पण पोस्टने तो आधीच ओळखला होता. उड्डाणापूर्वी काही काळ त्याने झोपेच्या ठरावीक वेळा मुद्दाम मोडल्या. मिळेल तेव्हा थोडी झोप घेण्याची सवय लावून घेतली. तरी शरीराने आपला हिशेब चुकता केलाच. जर्मनीत हॅनोव्हरहून उड्डाण केल्यावर त्याच्या ध्यानात आले की टाकीतले इंधन पाहायचेच राहून गेले. मुकाट्याने मागे फिरून इंधन भरावे लागले. कसलेला वैमानिकही थकल्यावर अगदी साधी गोष्ट विसरतो. म्हणूनच आज उड्डाणापूर्वीची यादी तोंडपाठ असली तरी वाचूनच तपासतात आणि वैमानिकाच्या कामाचे व विश्रांतीचे तास नियमाने बांधलेले असतात.

१९३३ मध्ये तो एकटाच निघाला. सोबतीला गॅटी नव्हता. होते ते विमान सरळ ठेवणारे स्वयंचलित यंत्र आणि रेडिओच्या लहरींवरून दिशा सांगणारे उपकरण. ढगांत शिरल्यावर माणसाचा तोल कसा फसतो, हे पोस्ट जाणून होता. आपल्या आतल्या कानातील द्रवाने भरलेल्या नळ्या वळण ओळखतात. पण वळण बराच वेळ एकसारखे चालू राहिले, की त्या गप्प होतात. मग वळणारे विमान सरळ चालले आहे असे वाटते आणि ते खरोखर सरळ केले, की उलट बाजूला कलल्यासारखे वाटते. अशा वेळी कानाचे न ऐकता उपकरणाचे ऐकायचे असते. शिकाऊ वैमानिकाला हे सांगून समजते. अंगवळणी पडायला मात्र तासन् तास सराव लागतो.

यंत्र विमान सरळ ठेवी, पण डोळा लागू देणे परवडणारे नव्हते. पोस्टने त्यावर साधी युक्ती केली. बोटाला दोरीने एक पाना बांधला आणि तो हातात धरून बसला. डुलकी लागली की पाना हातातून निसटे, दोरी बोटाला हिसका देई आणि जाग येई. अलास्कात फ्लॅट नावाच्या ठिकाणी उतरताना विमान नाकावर आले आणि पंखा वाकला. तो बदलून तो पुढे निघाला. २२ जुलै १९३३ रोजी, ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांनी, तो न्यूयॉर्कला पोहोचला.

तिसरी मोजणी श्वासाची. जितके उंच जावे तितकी हवा विरळ, विमानाला अडथळा कमी आणि वेग जास्त, हे पोस्टने हेरले होते. पण ४० हजार फुटांवर, म्हणजे सुमारे १२ किलोमीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक पंचमांशाहूनही कमी असतो. तिथे प्राणवायूविना माणसाची शुद्ध जेमतेम १५ ते २० सेकंद टिकते. 'विनी मे'चे अंग लाकडी पातळ्यांचे असल्याने आत हवेचा दाब राखणे शक्य नव्हते. तेव्हा विमानाऐवजी वैमानिकाभोवतीच दाब राखायचा, असे त्याने ठरवले. गुडरिच या रबर कंपनीच्या मदतीने दाबाचा पोशाख तयार करायला घेतला. पहिला पोशाख चाचणीत फुटला. दुसऱ्यात पोस्ट असा अडकला, की तो कापून त्याला बाहेर काढावे लागले. तिसरा अभियंता रसेल कोली याच्या हातून साधला. आत रबराची हवाबंद थैली, वर जाड कापड आणि डोक्यावर गोल काचेची खिडकी असलेले धातूचे शिरस्त्राण, असा तो होता. याच कोलीने पुढे अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांच्या पोशाखांवर काम केले.

५ सप्टेंबर १९३४ रोजी शिकागोवर हा पोशाख घालून पोस्ट सुमारे ४० हजार फुटांवर गेला. नंतरच्या काही उड्डाणांत तो ५० हजार फुटांच्या आसपास पोहोचल्याचे मानले जाते. त्याची अधिकृत नोंद मात्र होऊ शकली नाही. मार्च १९३५ मध्ये लॉस एंजेलिसजवळून क्लीव्हलँडला जाताना विमानाचा जमिनीवरील वेग काही काळ ताशी ५४० किलोमीटरच्या पुढे गेला. विमानाची स्वतःची ताकद तेवढी नव्हती. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा जोरदार झोत त्याला पुढे ढकलत होता. आज आपण त्याला जेट प्रवाह म्हणतो. युरोपातून मुंबईला येताना विमान जाण्यापेक्षा लवकर पोहोचते, त्यामागे बहुतेक वेळा हेच वारे असतात.

इतके सगळे मोजणारा हा माणूस शेवटी एका न जुळलेल्या हिशेबापायी गेला. १९३५ च्या उन्हाळ्यात त्याने एका विमानाच्या धडाला दुसऱ्या विमानाचे पंख जोडून नवे विमान तयार केले होते. अलास्कातील पाण्यावर उतरता यावे म्हणून त्याला तरंगी बसवली. ती त्या विमानासाठी घडवलेली नव्हती. जास्त मोठी होती. त्यामुळे विमानाचे नाक जड झाले. इंजिनाचा जोर असेपर्यंत ते सावरता येई. १५ ऑगस्ट १९३५ रोजी पॉइंट बॅरोजवळच्या एका खाजणातून उडाल्यावर थोड्याच उंचीवर इंजिन बंद पडले. विमान नाकावर कोसळले. पोस्ट आणि त्याच्यासोबत असलेला अमेरिकेचा लाडका विनोदकार विल रॉजर्स, दोघेही जागीच गेले. पोस्ट तेव्हा ३६ वर्षांचा होता. डोळ्याच्या उणिवेचा या अपघाताशी काही संबंध नव्हता. विमानाच्या वजनाचा तोल बिघडला होता, आणि ते ठाऊक असूनही तो उडाला होता. वजन आणि तोल यांचे गणित आज प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला उड्डाणापूर्वी कागदावर मांडावे लागते.

'विनी मे' आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. घरातल्या मुलाला किंवा मुलीला वैमानिक व्हायचे असेल, तर पोस्टच्या आयुष्यातून घेण्यासारखी एक व्यावहारिक गोष्ट आहे. प्रशिक्षणाची लाखो रुपयांची फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे आधी द्वितीय श्रेणीची आणि मग प्रथम श्रेणीची तपासणी असते. व्यावसायिक परवान्यासाठी प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र लागते. जुना आजार, चालू औषधे, नजरेचा दोष यांतले काहीही डॉक्टरांपासून लपवू नये. कित्येक दोषांवर उपाय असतो, काहींसाठी नियमांत वाट असते. लपवलेल्या दोषाला मात्र उपायही नसतो आणि वाटही. पोस्टने आपला गेलेला डोळा लपवला नाही. तो नसताना आपल्याला काय जमते, हे त्याने आधी स्वतः पावले टाकून मोजले आणि मग परीक्षकांना उडून दाखवले.